पट्ट्यांची कनू की प्लायची? नागपुरात घरी बांधायची असेल तर

घरी लाकडी कनू (कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, निमुळती होडी) बांधायची हे मनात पक्कं झालं की माणूस नकाशे, लांबी-रुंदी, वल्ह्यांचे प्रकार यावर वाचून वाचून तयार होतो आणि मग एकाच ठिकाणी अडतो. लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून बांधायची, की प्लायचे तुकडे कापून तारेच्या टाक्यांनी जोडायची? ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला हे विचारलंय, कारण माझ्या घरी दोन्ही झाल्या. आधी प्लायची, नंतर पट्ट्यांची. दोन्ही पाण्यात उतरल्या, दोन्हींत घरची मंडळी बसून रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर फिरली. त्यामुळे एक चांगली आणि दुसरी वाईट असा हा मामला नाही. तरी पुन्हा एकच बांधायची म्हटली तर माझा हात कुठे जाईल हे मला ठाऊक आहे.

दोन्ही पद्धतींची ओळख तुम्हाला असेलच. पट्ट्यांच्या रीतीत होडीच्या आकाराचे साचे ओळीने उभे करून त्यांवर पट्ट्या चढवून चिकटवतात. ही रीत जुनी, कॅनडातल्या पीटरबरो भागात एकोणिसाव्या शतकापासूनची. काचकापड (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि ते लाकडावर चिकटवणारं रेझिन आल्यावर आतल्या फासळ्या गेल्या आणि ती घरी बांधणाऱ्याच्या आवाक्यात आली. टाक्यांची रीत नावारूपाला आली ती १९६० च्या दशकात. ब्रिटनमध्ये 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या पाठबळाने जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी 'मिरर' ही छोटी शिडाची होडी तयार केली. प्लाय, तांब्याची तार आणि सांध्यांवर काचकापडाची पट्टी एवढ्यावर ती उभी राहायची. पुढे अशा सत्तर हजारांच्या वर होड्या झाल्या, त्यातल्या कितीतरी लोकांनी घरीच बांधल्या. पद्धत खरोखर सोपी आहे म्हणूनच हे झालं.

तो सोपेपणा आधी मोकळेपणाने मान्य करतो. प्लायच्या कनूला सांगाडा लागत नाही, साचे लागत नाहीत. कागदावरचे आकार प्लायवर उतरवायचे, जिगसॉने कापायचे, आठ फुटी तुकडे सांध्यात जोडून लांब करायचे, काठाला भोकं पाडून तार ओवायची आणि पिळायची. सपाट पडलेले चार तुकडे एका दुपारी होडीचा आकार घेतात. तो क्षण पट्ट्यांच्या कामात फार उशिरा येतो. घरात लहान मुलं असतील, कामाला फक्त रविवार मिळत असेल, किंवा फ्लॅटमध्ये राहत असाल, तर प्लायच्या बाजूने हे मोठं वजन आहे. पट्ट्यांच्या कनूला अठरा-वीस फुटांची जागा कित्येक महिने अडवावी लागते. जुन्या लेआउटमधल्या घरांच्या पोर्चमध्ये ते जमतं, गाडी तेवढी रस्त्यावर उभी करावी लागते. गच्चीवर बांधणार असाल तर जिन्याचं वळण आधी मोजा. सोळा फुटी होडी जिन्यातून वळत नाही, ती दोराने गच्चीवरून खाली सोडावी लागते.

दुसरी गोष्ट लाकडाच्या हालण्याची. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की दाराची फळी चौकटीत सैल होते आणि जुलैत तेच दार घासायला लागतं. साच्यावर चढवलेल्या उघड्या पट्ट्यांचंही तेच होतं. प्लायच्या थरांचे रेषे एकमेकांना आडवे असल्याने तो जवळपास हालत नाही. एका उन्हाळ्यात सुरू केलेलं काम पावसाळा ओलांडून दिवाळीत हातात घेणार असाल तर प्लाय हे सहन करतो, पट्ट्या नाही.

आता लाकूड. परदेशातले सगळे नकाशे वेस्टर्न रेड सीडर गृहीत धरतात, कारण ते हलकं, घनमीटरला ३७०-३८० किलो. इथे ते शोधत बसू नका. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात गेलात तर कुणीही आधी सागवान दाखवेल, आणि दाखवणारच. चंद्रपूर-आलापल्लीकडचा सीपी सागवान ही आपल्याकडची अभिमानाची वस्तू आहे. पण सगळी कनू सागवानाची करण्याच्या मोहात पडू नये असं मला वाटतं. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या घरात जातं, शिवाय त्याच्या अंगच्या तेलामुळे चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टीची कड ॲसिटोनने पुसून घ्यावी लागते. सागवान काठपट्टीला घ्या, बसायच्या आडव्या दांडीला घ्या. तिथे मार बसतो, तिथे त्याला तोड नाही.

कवचासाठी मी शिवन घेतलं. आपल्याच जंगलातलं झाड, फिकट पिवळसर लाकूड, रंध्याखाली लोण्यासारखं जातं, आणि एकदा नीट वाळलं की फारसं वाकत-पिळत नाही. घनमीटरला साडेचारशे ते पाचशे किलो धरा. मात्र ते प्रत्येक वखारीत मिळेलच असं नाही, आणि लांब, बिनगाठीच्या फळ्या मिळायला तर थांबावंच लागतं. शिवन नाही मिळालं तर खोक्यांसाठी येणारं आयात पाइन निवडून घेता येतं. गाठी खूप, पण पट्टी बारीक असल्याने गाठ टाळून कापता येते. सावर हलकी असली तरी नको, ओल लागली की लवकर कुजते.

वजनाचा हिशेब मात्र एकदा कागदावर करून बघा, कारण इथेच बहुतेकांची कल्पना उलटी निघते. सोळा फुटी कनूचं कवच साधारण साडेपाच चौरस मीटर धरू. ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या घेतल्या तर लाकूड भरतं ०.०३३ घनमीटर. शिवनचं झालं साधारण १६ किलो, सागवानाचं २१ ते २२, आणि सीडरचं १२. आता ४ मिलिमीटरचा प्लाय घ्या. लाकूड ०.०२२ घनमीटर, पण आपल्याकडचा मरीन प्लाय गर्जन किंवा तसल्याच जड लाकडाचा असतो, घनमीटरला सातशे किलोच्या आसपास. म्हणजे पुन्हा १५ ते १६ किलो. परदेशात प्लायची कनू हलकी होते ती ओकुमे नावाच्या हलक्या लाकडाच्या प्लायमुळे. आपल्या बाजारातल्या प्लायने 'पातळ म्हणून हलकी' हा फायदा जवळजवळ संपतो. पट्ट्यांना आतून-बाहेरून काचकापड लागतं, तिथे तीन-चार किलो वाढतात, एवढंच. कारच्या टपावर दोघांनी चढवताना मला दोन्हींत फरक जाणवला नाही.

पट्ट्या कापणं हे खरं किचकट काम. पाऊण इंच रुंद, पाव इंच जाड आणि शक्य तितक्या लांब, अशा साठ-सत्तर तरी पट्ट्या लागतात. गोल पात्याच्या करवतीचा कापच तीन मिलिमीटरचा, पट्टी सहाची. म्हणजे तिसरा हिस्सा लाकूड भुशात जातं. हे ऐकून वाईट वाटतं, पण फळी विकत घेतानाच तेवढं धरून घ्यायचं. मी गेलो त्या आरा मशीनवरचा माणूस फळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला होता, "भाऊ, इतक्या बारीक पट्ट्या कायले पायजे?" होडी म्हटल्यावर त्याने पातं बदललं, फळी पुन्हा एका बाजूने रंधून घेतली आणि पहिल्या दोन पट्ट्या हातात देऊन म्हणाला, "आधी वाकवून पाहा, मंग सांगा." ती पट्टी दोन्ही टोकांना धरून वाकवली की लगेच कळतं. रेषा सरळ असेल तर ती सारख्या कमानीत वाकते. रेषा तिरपी सुटली असेल तर एका जागी कोपरा धरते आणि तिथेच मोडते. मोडली तर मोडू द्यावी. होडीत गेल्यावर मोडण्यापेक्षा आरा मशीनसमोर मोडलेली बरी. त्या दिवशी प्रत्येक पट्टी माझ्या हातून गेली, हे पुढे माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं ठरलं.

पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला खोलगट खाच पाडून घेतली तर वळणावरही फट दिसत नाही. लाकडाची कड कोरणारं राउटर यंत्र असेल तर करा. नसेल तर हातरंध्याने प्रत्येक पट्टीची कड किंचित तिरपी करत जाता येतं. वेळ जास्त जातो, पण पट्ट्यांची रुंदी वाया जात नाही आणि सांधा तितकाच घट्ट बसतो. लांब फळ्या न मिळाल्याने पट्ट्या जोडाव्या लागल्या तर जाडीच्या आठपट लांबीचा तिरपा सांधा द्या. सहा मिलिमीटरला जवळजवळ दोन इंच. सगळे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, एवढं सांभाळलं की पुरे.

इपॉक्सी आणि नागपूरचं हवामान

इपॉक्सी म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं चिकट रेझिन. त्याचं काम दोन्हीकडे सारखंच आहे, फक्त पट्ट्यांच्या कनूत ते जास्त मोठं आहे. पट्ट्यांना आत-बाहेर पूर्ण काचकापड, प्लायला सांध्यांवर पट्टी आणि हवं तर बाहेरून एक कापड. म्हणजे इपॉक्सीचा खर्च पट्ट्यांत साधारण दुप्पट धरा. लाकडापेक्षा हाच खर्च मोठा, हे आधी कुणी सांगत नाही.

बाजारात सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर, वजनाने शंभराला दहा. चिकटवायचं काम चांगलं होतं, पण कापडात जिरायला ते घट्ट वाटतं आणि उन्हाळ्यात हातातच आळून जातं. त्यापेक्षा पातळ रेझिन आणि धिमा हार्डनर मागून घ्या. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. आणि हे नागपूर आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, तर २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला. मे महिन्यात डबा भरून रेझिन कालवलं तर ते डब्यातच तापून धूर सोडायला लागतं. पावसाळ्यात दुसरा त्रास: दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते, ती पाण्याने आणि घासणीने धुवावी लागते, नाहीतर पुढचा थर धरत नाही.

म्हणून मी कामाचं वेळापत्रक सणांवर बांधतो. पोळा झाला की लाकूड आणायचं आणि घरात आडव्या पट्ट्या टाकून रचून ठेवायचं. दिवाळीनंतर साचे आणि पट्ट्या. संक्रांत झाली की बाहेरचं कापड, होळीच्या आत आतलं. आतलं आणि बाहेरचं काम एकाच मोसमात संपवा. एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडं लाकूड पावसाळ्यात एकीकडेच फुगतं, मग आकार बिघडतो.

आणि दिवसातली वेळ. इपॉक्सीचा पहिला थर सकाळी देऊ नका. सकाळी ऊन चढतं, लाकूड तापतं, लाकडातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे वर येतात. दुपारी चारनंतर, तापमान उतरायला लागल्यावर सुरू करा. तेव्हा लाकूड थंड होतं आणि हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ओढून घेतं, तिच्याबरोबर रेझिनही आत जातं. मला विचाराल तर नागपुरात कनू बांधणाऱ्याने ही एक गोष्ट जरी पाळली तरी अर्धी लढाई जिंकली.

काचकापड विणलेलं घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं. फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांच्या बॉडी बनवणारे जी चॉप मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) वापरतात ती देऊ करतील, स्वस्तही असते, पण तिचे धागे धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. ती मॅट इपॉक्सीत नीट बसतच नाही. आणि पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं म्हणून कनूला वापरायचं म्हणाल तर ते लाकडाला तितकं घट्ट धरत नाही, काही मोसमांनी सुटायला लागतं.

घासाई हा पट्ट्यांच्या कनूचा सगळ्यात मोठा तोटा. बाहेरून रंधा, मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, आणि मग आतून, जिथे सपाट सँडर बसत नाही. आतली घासाई कंटाळवाणी आहे, यात दुमत नाही. लाकडाचा भुगा एक वेळ चालतो, पण इपॉक्सीचा भुगा त्वचेला आणि श्वासाला खरोखर वाईट. चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे ठेवाच. शेजारच्या गच्चीवर मार्चपासून पापड-कुरडयांचं वाळवण पडायला लागतं, त्याच्या आत हे काम उरकलेलं बरं. आमच्या शेजारच्या काकूंनी "अहो, झालं का तुमचं ते घासणं? मला सरगुंडे टाकायचे आहेत" असं विचारलं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की प्लायचं पारडं जड आहे. वेळ कमी, जागा कमी, इपॉक्सी कमी, भुगा कमी, हालणंही कमी. मलाही तसंच वाटलं होतं आणि म्हणूनच पहिली कनू प्लायची बांधली. मग एका गोष्टीने माझं मत बदललं. ती बाहेरून क्षुल्लक दिसते, पण मला अजून टोचते.

प्लायच्या आतली फट

चार मिलिमीटरचा प्लाय म्हणजे तीन थर. वरचा आणि खालचा थर पातळ, रेषा लांबीच्या दिशेने. मधला थर जाड, रेषा आडव्या, म्हणजे आठ फुटी तावाच्या चार फुटी रुंदीच्या दिशेने. हा मधला थर अखंड नसतो, तो लाकडाच्या पापुद्र्यांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून केलेला असतो. दोन तुकडे नीट भिडले तर ठीक. भिडले नाहीत तर आत एक फट राहते. आणि ती फट तावाच्या एका लांब कडेपासून दुसऱ्या लांब कडेपर्यंत आरपार जाऊ शकते, नळीसारखी.

माझा प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन होता. हा शिक्का खोटा असतो असं मी अजिबात म्हणत नाही. त्या मानकात प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून गोंद तपासतात, आणि माझ्या कनूत गोंदाने कुठेही दगा दिला नाही. पण तुम्ही विकत घेतलेल्या तावात मधल्या थराची फट नेमकी कुठे आली आहे, हे शिक्का सांगू शकत नाही. दुकानातही ते दिसत नाही, कारण वरचा थर सुंदर, गुळगुळीत असतो.

ते दिसलं टाके पिळताना. कनूची बाजू लांबीच्या दिशेने वाकते आणि फट त्याला आडवी असते. जिथे मधला थर नाही तिथे फक्त दोन पातळ पापुद्रे वाकतात, म्हणून सगळी कमान सोडून तिथेच एक उभी घडी पडते. दिवसा कळली नाही. संध्याकाळी ऊन तिरपं झालं तेव्हा उजव्या बाजूवर वरपासून खालपर्यंत एक सावलीची रेघ दिसली. तळहात फिरवला की तिथे बारीक उंचवटा लागायचा, बोटाच्या पेराने टकटक केलं की आवाज बदलायचा, भरीव लाकडावरून एकदम पोकळ. पुट्टी भरून, घासून मी बाहेरून ती रेघ जवळजवळ घालवली. रंग दिल्यावर कुणाला दिसली नसती.

पण पोकळी तिथेच होती. पहिल्या उन्हाळ्यात कनू पोर्चमध्ये उलटी टांगलेली असताना त्या रेघेवर इपॉक्सीला फोड आले, कारण आतली हवा तापून फुगत होती. आणि त्यानंतरच्या मोसमात खरा प्रकार कळला. काठपट्टीचा एक स्क्रू बरोबर त्या फटीच्या तोंडावर बसला होता. वरून ठिबकलेलं पाणी स्क्रूच्या भोकातून आत शिरलं, त्या नळीतून सरळ खाली उतरलं आणि तळाच्या सांध्यापाशी जाऊन साचलं. बाहेरून इपॉक्सी अखंड, आतून इपॉक्सी अखंड, आणि मधे काळा डाग खालून वर चढत होता. भोक काठावर आणि कुज तळाला. बाहेरून शोधून सापडणार नाही अशी जागा.

दुरुस्ती झाली. तेवढा भाग कापला, तिरप्या सांध्याने नवा तुकडा बसवला, वरून कापड दिलं. प्लायची दुरुस्ती पट्ट्यांपेक्षा सोपी असते, हेही खरं. कनू अजून चालते. पण त्यानंतर माझा विश्वास हलला. प्रत्येक वेळी पाण्यातून काढल्यावर मी तिच्या बाजूंवर टकटक करत फिरायला लागलो. बाकीच्या तावांत आत काय आहे हे मला माहीत नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. पट्ट्यांच्या कनूत असं काही लपत नाही. प्रत्येक पट्टी चारही बाजूंनी बघितलेली, वाकवून पारखलेली, आणि दोन पट्ट्यांमध्ये फट राहिलीच तर ती चिकटवताना डोळ्यांसमोर असते. प्रकाशात धरली की आरपार दिसते, तिथेच भरून टाकता येते.

कदाचित माझ्या वाट्याला आलेले ताव जरा कमनशिबी असतील. प्लायच्या कनू वर्षानुवर्षं बिनतक्रार चालवणारे लोक जगभर आहेत, त्यांचं म्हणणं मी खोडत नाही. कुणाला चांगला, पाच थरांचा हलका प्लाय मिळत असेल तर माझी ही तक्रार बरीच बोथट होईल. पण इथल्या दुकानात ४ मिलिमीटर मागितला की बहुधा तीन थरांचाच समोर येतो, आणि मला तरी अशा वस्तूत पोरांना बसवायचं तर ती आतून कशी आहे ते माहीत असलेलं आवडतं.

पाण्यावरचा फरक त्यामानाने लवकर सांगून होतो. प्लाय एकाच दिशेने वाकतो, त्यामुळे तळ सपाट आणि बाजूला कडा येतात. अशी कनू बसताना भक्कम वाटते, पहिल्यांदा बसणारा घाबरत नाही, मासे धरायला जाणाऱ्याला उभंसुद्धा राहता येतं. पट्ट्यांनी गोलसर तळ करता येतो. चढताना ती थोडी हलते, पण एकदा वल्हं लागलं की पुढे जास्त सरकते. खिंडसीवर दुपारनंतर वारा सुटला की प्लायच्या कनूच्या कडेवर लाटा चपाचप आपटतात आणि वल्ह्यागणिक तोंड फिरतं. पट्ट्यांची त्याच पाण्यातून गुपचूप निघून जाते. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर ढिवरांचे डोंगे बघितले असतील, तर गोल बुडाची होडी कशी चालते ते वेगळं सांगायला नको. दगड-मुरमाच्या काठावर ओढण्याच्या बाबतीत दोन्ही सारख्याच, तळाच्या मधोमध कापडाचा आणखी एक थर द्या. तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते विचारून परवानगी काढा आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणालाही बसवू नका, हे दोन्हींना लागू.

तेव्हा माझं म्हणणं असं. एका मोसमात कनू हवीच असेल, जागा नसेल किंवा हे काम आपल्याला जमेल का याचीच शंका असेल, तर प्लायची बांधा, आनंदाने बांधा. हिवाळ्याच्या संध्याकाळी घासायला, चिकटवायला वेळ देता येत असेल आणि लकडगंजात दोन-चार खेपा मारायची तयारी असेल, तर मी पट्ट्यांकडे बोट दाखवीन. वेळ जास्त जातो. तो वेळ मला जड गेला नाही. रोज दोन पट्ट्या चढवायच्या, क्लॅम्प लावायचे, सकाळी क्लॅम्प काढून कडेवरून बोट फिरवायचं. घरातलं शाळकरी पोरगंही यात नीट हात लावू शकतं, आणि आमच्या घरी लावला.

प्लायच घ्यायचं ठरलं असेल तर दुकानात ताव उभा करून चारही कडा बॅटरीच्या उजेडात बघा. मधल्या थराची फट लांब कडेवर काळ्या टिपक्यासारखी दिसते. समोरच्या कडेवर त्याच रेषेत दुसरा टिपका असेल तर तो ताव परत ठेवा. घरी आणल्यावर बोटाच्या पेराने पूर्ण ताव टकटक करून पोकळ वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि आकार उतरवताना खुणा टाकाऊ भागात जातील असे ते सरकवा. काठपट्टी शक्यतो चिकटवूनच बसवा. स्क्रू लागलाच तर भोक मोठं पाडा, इपॉक्सीने गच्च भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध स्क्रूचं छोटं भोक पाडा. कापलेल्या प्रत्येक कडेला पातळ इपॉक्सी लाकूड पिणं थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहा, आणि एखाद्या जागी ते संपतच नसेल तर तिथे आत फट आहे असं समजून सिरिंजने भरून घ्या.